रानातली भूकमळं आणि सोन्याचा दीपवृक्ष

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत सिनेमा सोडणारी ख्रिस्ती माणसं पुष्कळ आहेत. कोणी नाटकाला जात नाही, कोणी गाणी ऐकणं थांबवतं, कोणी फोनवरच्या मालिका बंद करतं. सूर्यास्त पाहणं मात्र कोणी सोडत नाही. एवढ्या साध्या गोष्टीत आपल्या धार्मिक मनाची एक जुनी वाटणी दिसते. डोंगर, समुद्र, फुलं ही देवाच्या हातची, म्हणून त्यांचा आनंद निर्मळ. चित्र, नाटक, कादंबरी ही माणसाच्या हातची, म्हणून तिथे सांभाळून राहायचं. महाबळेश्वरला चार दिवस राहून आलेल्या कुटुंबाला देवळात कोणी जाब विचारत नाही. त्याच चार दिवसांत त्यांनी चार नाटकं पाहिली असती, तर कुजबुज तरी झालीच असती. ही वाटणी मला चुकीची वाटते. ती शास्त्राला धरून नाही, ख्रिस्ती परंपरेतल्या मोठ्या माणसांच्या जगण्यातही ती टिकलेली नाही, आणि तिच्यामुळे दोन्ही आनंद उणे होतात.

या वाटणीच्या बाजूने नेहमी पुढे येतो तो मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला रानातल्या भूकमळांचा दाखला. ती कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी ऐश्वर्याच्या शिखरावरचा शलमोनही त्यांच्यासारखा सजलेला नव्हता, असं प्रभू येशू सांगतो. माणसाच्या कारागिरीपेक्षा देवाचं फूल श्रेष्ठ, हा अर्थ त्यातून लगेच काढला जातो. पण तिथे विषय कलेचा नाही, चिंतेचा आहे. उद्या काय खायचं, काय नेसायचं या काळजीने पोखरलेल्या माणसांशी तो बोलतो आहे. ज्या शलमोनाचं नाव तिथे येतं त्याच्या मंदिराचं वर्णन ‘पहिले राजे’ या पुस्तकात वाचावं: द्वारमंडपाशी उभ्या केलेल्या दोन पितळी खांबांच्या माथ्यावर भूकमळांचीच घडण होती, भोवती डाळिंबांच्या रांगा होत्या, आतल्या गंधसरूच्या फळ्यांवर उमललेली फुलं कोरली होती. ते कारागीर फुलाशी चढाओढ करत नव्हते, फुलाकडे पाहून शिकत होते. त्याच्याही कितीतरी आधी, निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात, बसालेल नावाच्या माणसाला देव आपल्या आत्म्याने भरतो, आणि तो माणूस राजा नाही, संदेष्टा नाही. सोनं घडवणारा, रत्नांना पैलू पाडणारा, लाकूड कोरणारा कारागीर आहे. देवासाठी उभारायच्या निवासमंडपातला दीपवृक्ष त्याला सोन्याच्या एका गोळ्यातून ठोकून घडवायचा होता, आणि त्याच्या वाट्या बदामाच्या फुलांसारख्या हव्या होत्या. इस्राएलच्या देशात हिवाळा सरता सरता इतर झाडांच्या आधी फुलतं ते बदामाचं झाड. ते फूल ज्याने थांबून पाहिलं नाही, त्याच्या हातून तो दीपवृक्ष झाला नसता. आणि तो घडला नसता, तर देवाच्या निवासात ते फूल बारा महिने राहिलं नसतं.

इथे कोणी विचारील, की त्याच्या पुढच्याच अध्यायात काय घडतं ते का सांगत नाही? खरं आहे. बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचं वासरू आहे. तेच सोनं, तशीच ओतकामाची विद्या, आणि तिच्यातून मूर्तिपूजा. हे दोन अध्याय एकापाठोपाठ आहेत, हे मी विसरू इच्छित नाही. पण त्या पापानंतर देव कारागिरी बंद करत नाही. बसालेल कामाला लागतो आणि पस्तिसाव्या अध्यायापासून मंडप उभा राहू लागतो. आणि धोका एकट्या माणसाच्या निर्मितीतच आहे असं मानायलाही शास्त्रात आधार नाही. रोमकरांस लिहिताना पौल ज्या चुकीवर बोट ठेवतो ती म्हणजे निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीची सेवा करणं. त्याने तिथे पक्षी, चतुष्पाद आणि सरपटणारे प्राणी यांची नावं घेतली आहेत. संत ऑगस्टिनने आपल्या कबुलीजबाबाच्या दहाव्या पुस्तकात निसर्ग आणि कला या दोन्हींवर बोट ठेवलं. माणसं डोंगरांची उंची आणि समुद्राच्या लाटा पाहायला दूर जातात आणि स्वतःच्या अंतरंगाकडे पाहत नाहीत, ही त्याची तक्रार. आणि देवळातल्या गाण्यात शब्दांपेक्षा सुरानेच आपण हलतो की काय, ही त्याची स्वतःबद्दलची भीती. पुढे १३३६ मध्ये इटालियन कवी पेत्रार्क फ्रान्समधल्या व्हाँतू डोंगरावर चढला, माथ्यावर त्याने हेच पुस्तक उघडलं आणि नेमकं डोंगरांविषयीचं ते वाक्य समोर आल्यावर तो खजील झाला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सुराबद्दल इतका साशंक असूनही ऑगस्टिनने देवळातलं गाणं बंद करा असं म्हटलं नाही. निसर्गाच्या आनंदातला धोका आपल्याकडच्या एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. कास पठारावरची फुलं पाहायला इतकी माणसं गेली, की प्रवेशशुल्क लावावं लागलं, दिवसाची संख्या ठरवून द्यावी लागली. निसर्गाचा आनंदही हावरा होऊ शकतो, आणि फुलांना तुडवणारे पाय काही कलासक्त माणसांचे नसतात.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो प्रभुभोजनाचा. ख्रिस्ताने आपली आठवण ठेवण्यासाठी गव्हाची ओंबी उचलली नाही, द्राक्षांचा घड उचलला नाही. त्याने भाकर घेतली आणि द्राक्षारसाचा प्याला घेतला. गहू दळावा लागतो, मळावा लागतो, भाजावा लागतो. द्राक्षं तुडवावी लागतात, रस मुरवावा लागतो, आणि केव्हा थांबायचं हे कळणारा माणूस लागतो. मिस्साविधीतल्या अर्पणाच्या प्रार्थनेतही भाकरीविषयी हेच म्हटलेलं आहे, की ती भूमीने दिली आणि माणसाच्या हातांनी केली. ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी असलेली वस्तू निसर्ग आणि कारागिरी यांच्या जोडीनेच बनते. या जोडीतल्या एकाला पवित्र आणि दुसऱ्याला संशयित ठरवणारा माणूस वेदीसमोर काय स्वीकारतो, याचा त्याने विचार करावा.

कला हवीच कशाला, निसर्ग पुरे आहे, या म्हणण्याला मराठी भाषेतच चारशे वर्षांपूर्वीचं उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांजवळ नद्या होत्या, माड होते, भाताची शेतं होती, प्रार्थना आणि धर्मशिक्षणही होतं. जुनी पुराणं मात्र त्यांच्या हातून काढून घेतली गेली होती. त्यांच्यातल्या एका ब्राह्मणाने मागितलं ते काय? ऐकायला, गायला दुसरं काहीतरी द्या. त्या मागणीचा उल्लेख स्टीफन्सनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच केला, आणि १६१६ मध्ये सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. ज्यांची पुराणं सत्तेने हिरावली त्यांच्यावर अन्याय झाला होता, हे बोलल्याशिवाय या ग्रंथाची थोरवी सांगू नये. पण माणूस नुसत्या नदीवर आणि नुसत्या उपदेशावर जगत नाही, हे त्या मागणीने सिद्ध केलं. आणि मराठी भाषेची थोरवी सांगायला स्टीफन्सना मोगरा आणि मोरच आठवले, म्हणजे त्या इंग्रज माणसाचे डोळेही गोव्याच्या अंगणात उघडे होते. रेव्हरंड टिळकांचं उदाहरण आणखी जवळचं. १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर त्यांनी कविता सोडली नाही. फुलं, पाखरं आणि मुलं त्यांच्या कवितेत राहिलीच, आणि ज्या देवळांतून इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतं गायली जात होती तिथे त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणलं. रानातल्या फुलाकडे थांबून पाहावं, हे कितीतरी मराठी माणसांना त्यांचं ‘वनवासी फूल’ वाचल्यावर समजलं असेल. फूल आधीपासून तिथेच होतं. पाहण्याची सवय कवितेने लावली.

या विषयावर बोलताना जेरार्ड मॅनली हॉपकिन्स या इंग्रज कवीला टाळता येत नाही. सूर्यास्त कोणी सोडत नाही असं वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद. जेझुइट या धर्मसंघात जाण्याआधी, १८६८ मध्ये, त्याने आपल्या कविता जाळल्या. पुढच्या वर्षी सहा महिने त्याने डोळ्यांवरही निर्बंध घातला, आणि त्या प्रायश्चित्तामुळे अर्ध्या वर्षात फारसं काही पाहिलं नाही अशी नोंद रोजनिशीत केली. त्याच्या कठोरपणात एक न्याय होता: दोन्ही आनंदांना त्याने एकच नियम लावला. मग डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ हे जहाज थेम्सच्या मुखाजवळ रुतून फुटलं. जर्मनीतून परागंदा झालेल्या पाच जोगिणी त्यात बुडाल्या. यावर कोणीतरी कविता लिहावी असं वरिष्ठ धर्मगुरूंनी सुचवलं, आणि सात वर्षांचं मौन सुटलं. १८७७ मध्ये वेल्समध्ये त्याने लिहिलेली ठिपक्यांच्या सृष्टीची, ससाण्याची सुनीतं त्यानंतरची. त्यांत निसर्ग आणि कला वेगळे काढून दाखवता येत नाहीत. त्याने दोन्ही सोडून पाहिलं, आणि दोन्ही परत मिळाले तेव्हा ते स्तुतीच्या रूपाने मिळाले. म्हणून उपवासाला माझा विरोध नाही. उपवासकाळात सिनेमा जरूर सोडावा. पण त्यामागे सिनेमा मलिन आणि सूर्यास्त निर्मळ हा हिशेब असू नये.

कलेवरचा आणखी एक आक्षेप असा, की ती आपल्याबरोबर कुठल्यातरी देशाची, वर्गाची, काळाची चव आणते. निसर्ग सर्वांचा असतो. यावर आंजेलो द फॉन्सेका या चित्रकाराचं आयुष्य बरंच शिकवतं. ते १९०२ मध्ये गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. १९६७ मध्ये ते वारले. त्यांनी मरिया साडीत रंगवली, सावळ्या वर्णाची, आपल्या घरातली वाटेल अशी. गोव्यात त्यावर रोष झाला. युरोपातून आलेली गोरी, निळ्या झग्यातली मरिया ज्यांना खटकत नव्हती, त्यांना ही खटकली. जुनी कला इतकी अंगवळणी पडते की ती कला आहे हेच आपण विसरतो, जणू तीही झाडासारखी उगवली आहे. कलेविना देऊळ असं काही नसतंच. पांढरी भिंत कोणीतरी ठरवलेली असते, गीताची चाल कोणीतरी बांधलेली असते. कला नको म्हणणारा प्रत्यक्षात एवढंच करतो, की दुसऱ्याने निवडलेल्या जुन्या कलेत डोळे मिटून राहतो.

मग समतोल साधायचा कसा? निम्मं हे, निम्मं ते, असं माप मला पटत नाही. वसईत केळीच्या आणि फुलांच्या वाडीत दिवसभर राबणाऱ्या माणसाला रविवारी निसर्ग पाहायला जा म्हणणं विचित्र आहे. त्याला लग्नातली गाणी हवीत, सणाचं नाटक हवं. उलट, इमारतीच्या अकराव्या मजल्यावर दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्या त्याच्याच नातवाला कविता वाचण्याआधी वाडीत जाऊन पाणी धरण्याची गरज असेल. ज्याच्या दिवसात जे कमी, ते त्याने शोधावं. आणि दोहोंना जपण्याची कामं एकाच माणसाला करता येतात, हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे पाहून कळतं. हरित वसईसाठी बिल्डर आणि पाणीमाफियांविरुद्ध उभे राहिलेले तेच, आणि बायबल सोप्या, रसाळ मराठीत आणणारेही तेच. झाडासाठी भांडताना त्यांना शब्दांचा कंटाळा आला नाही.

राहतो तो सर्वांत जड आक्षेप: भुकेल्यांचं काय? सुमारे ११२५ मध्ये संत बर्नार्डने क्लूनीच्या मठांतल्या नक्षीदार वैभवावर लिहिताना विचारलं होतं, की चर्चच्या दगडांना सोन्याने मढवायचं आणि लेकरांना उघडं ठेवायचं? त्याच्याही आधी आमोस संदेष्ट्याने हस्तिदंती पलंगांवर लोळत वीणेवर गाणी रचणाऱ्यांना, आपल्या लोकांच्या दुर्दशेचं दुःख न करणाऱ्यांना, फटकारलं. या प्रश्नापासून कला सुटत नाही, आणि डोंगरावर बांधलेला बंगलाही सुटत नाही. बर्नार्ड म्हणे की पुस्तकांपेक्षा रानात अधिक शिकायला मिळतं. तरी त्याच्या पंथाने बांधलेली फाँतेनेसारखी मठमंदिरं, सगळी नक्षी काढून टाकल्यावर, निव्वळ प्रकाशाने आणि प्रमाणबद्धतेने इतकी देखणी झाली की आजही लोक ती पाहायला जातात. पण आक्षेपाचं खरं उत्तर मला बेथानीत सापडतं. मार्क सांगतो, एक स्त्री शुद्ध जटामांसीच्या तेलाची अलाबास्त्र कुपी घेऊन आली आणि तिने ती येशूच्या मस्तकावर रिकामी केली. जटामांसी उगवते हिमालयात. कोणीतरी तिची मुळं खणली, कोणीतरी तेल काढलं, कोणीतरी दगड कोरून कुपी केली, आणि ते सारं एवढ्या लांब पोचलं. तिथे बसलेले काही जण संतापले: हे तीनशे दिनारांहून अधिक किमतीला विकून गोरगरिबांना देता आलं असतं. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षाची कमाई ती. प्रभूने तिची बाजू घेतली आणि त्याच दमात सांगितलं की गरीब तर नेहमी तुमच्याजवळ आहेत, वाटेल तेव्हा त्यांचं भलं करता येईल. हे वाक्य गरिबांना टाळण्यासाठी वापरणाऱ्यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढून पाहावा. देशात गरीब राहणारच, म्हणून आपला हात उघडा ठेव, अशी आज्ञा तिथे आहे. नाटकाचं तिकीट काढणाऱ्याला आणि कासला जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला ती सारखीच लागू आहे. योहानाच्या शुभवर्तमानातही बेथानीतल्या तेलाची कथा आहे, आणि सगळं घर त्या सुवासाने भरून गेलं असं तिथे म्हटलं आहे. जेवून घरी परतताना तो वास सगळ्यांच्याच कपड्यांना लागला असेल, ज्यांनी तक्रार केली त्यांच्याही.