जुना मृदंग दुरुस्त करायचाय? आधी एक नाव विचारा

हल्ली शनिवार-रविवारी काहीतरी 'हाताने' करायची टूम निघाली आहे. पाच दिवस कीबोर्ड बडवून झाला की कुणी सुतारकाम करतं, कुणी जुनी बुलेट खोलून बसतं. ज्यांच्या अंगात ताल आहे ते जुने ड्रम सेट नवे करण्याचे व्हिडिओ बघत रात्री जागवतात. हौस चांगलीच आहे. पण माझं मत विचाराल तर पहिल्या प्रोजेक्टसाठी साठ वर्षांपूर्वीचा अमेरिकन ड्रम सेट शोधत फिरू नका. गावाकडे माळ्यावर किंवा देवळाच्या कोपऱ्यात एखादा मृदंग पडलेला असतो, तो मागून घ्या. फक्त एक अट आहे, ती शेवटी सांगतो.

माझं आजोळ बीड जिल्ह्यात, नारायणगडाच्या पंचक्रोशीत. गडाला 'धाकटी पंढरी' म्हणतात. तिकडे कीर्तनातल्या पखवाजाला मृदंगच म्हणायचं, आणि वाजवणारा तो मृदंगाचार्य. सप्ताह लागला की पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत वाद्याला उसंत नसते, आणि एरवी ते महिनोन्महिने खुंटीला. मामांच्या घरचा मृदंग असाच लटकलेला. डावी पुडी उंदरांनी कुरतडलेली, उजवीची शाई उडालेली, दोन गट्टे गायब, आणि खोडावर हिरवागार ऑइलपेंट!

उंदरांचं कोडं सोपं आहे. मृदंगाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात, तिच्या वजनाने तो घुमारा येतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची असते. ती राहिली की उंदीर-किड्यांची पंगतच. म्हणजे निम्म्या जुन्या मृदंगांचं दुखणं 'म्हातारपण' नसतं, शेवटच्या कीर्तनानंतरचा आळस असतो :-)

आता दुरुस्तीला हात घालणारा नवखा काय करतो? सगळं खोलतो, घासतो, चकचकीत पॉलिश मारतो. आपल्या धंद्यात याला 'रीराइट' म्हणतात. जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपचं उदाहरण देऊन सांगितलं होतं की चालू कोड फेकून पहिल्यापासून लिहायला घेणं ही सगळ्यात महाग चूक. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळी म्हणजे कुणीतरी कधीतरी निस्तरलेली अडचण असते. लाकडाचंही तेच. मामांच्या मृदंगावर हिरव्या रंगाच्या खाली पांढऱ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव होतं. सॅण्डपेपर मारला असता तर ते पहिल्या पाच मिनिटांत गेलं असतं. तेव्हा आधी फोटो काढा, कोरड्या फडक्याने पुसा, वाळवी आहे का बघा, भेगा बघा. बीडकडच्या कोरड्या उन्हात लाकूड तडकतं. भेग आरपार असेल तर सुताराला दाखवा, वरवरची असेल तर सोडून द्या. आणि वाद्या जुन्या दिसतात म्हणून कापू नका, त्यातल्या बऱ्याच अजून ताण धरतात. एवढं काम घरी करता येतं. एक शनिवार-रविवार पुरतो.

पुडी मात्र घरी करायच्या फंदात पडू नका. का, ते सांगतो, कारण इथे खरी गंमत आहे.

गोल ताणलेल्या साध्या कातड्यावर थाप मारली तर मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात त्यांचं मूळ स्वराशी प्रमाण १.५९, २.१४, २.३० असं वेडंवाकडं असतं. म्हणून साधा ढोल 'धब्ब' वाजतो, त्यातून सूर निघत नाही. आपल्या मृदंग-तबल्याला मात्र षड्ज लागतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली 'नेचर'मध्ये याचं कारण मांडलं आणि १९३४ साली सविस्तर लिहिलं. मधोमध बसवलेल्या शाईच्या वजनामुळे ते वेडेवाकडे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकी प्रमाणात येऊन बसतात. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी रामन जे गणित मांडत होते, ते पुडी करणाऱ्या कारागिराच्या बोटांना पिढ्यानपिढ्या येत होतं. लोखंडाची भुकटी खळीत मळायची, पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, मग पुढचा थर. घोटल्यामुळे शाईत बारीक भेगांचं जाळं होतं, म्हणून ती कडक असूनही कातड्याबरोबर हलते. व्हिडिओ बघून रविवारी दुपारी जमणारी ही गोष्ट नव्हे.

"मग स्वतः काय केलं? प्रोजेक्ट कसला?" असं कुणी विचारेल. नट-बोल्टचे मृदंगही मिळतात, पाना फिरवला की सूर लागतो, तेच का घेऊ नये, असंही विचारेल. घ्या की. रोज वाजवणाऱ्याची सोय होते, माझं काही भांडण नाही. पण जुनं वाद्य नीट करणं म्हणजे ते कसं बनलं हे समजून घेणं. आणि ते समजून घ्यायचं तर ज्याला बनवता येतं त्याच्या दुकानात दोन-चार तास बसावंच लागतं.

आता ती अट.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकन टीव्हीवर आले तेव्हा रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमवर बँडच्या नावाबरोबर 'लुडविग' हे बनवणाऱ्याचं नावही होतं. त्यानंतर कंपनीचा खप प्रचंड वाढला. आजही जुना लुडविग घेणारा आधी त्यावरचा बिल्ला आणि नंबर बघतो. आपल्याकडची सप्ताहाची पत्रिका काढून बघा. कीर्तनकार, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार, अन्नदाते, मंडपवाला... सगळ्यांची नावं असतात. मृदंगावर देणगीदाराचं नाव असतं. मृदंग बनवणाऱ्याचं नाव मी तरी आजवर एकाही पत्रिकेत वाचलेलं नाही.

हे विसरण्यातून झालेलं नाही. कातड्याला हात लावणारा माणूस आणि त्याच कातड्यावर देवाचं नाव वाजवणारा माणूस यांच्यात आपण जातीची भिंत घालून ठेवली. टी. एम. कृष्णा यांचं 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० साली आलं, ते दक्षिणेकडच्या मृदंगम बनवणाऱ्यांवर, त्यातल्या बहुसंख्य दलित ख्रिश्चन कुटुंबांवर आहे. प्रकाशनासाठी आधी दिलेली जागा चेन्नईच्या कलाक्षेत्राने ऐनवेळी परत घेतली. मराठीत असं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं. वारकरी परंपरा तर समतेचं नाव घेणारी. तिच्या पत्रिकेत एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

आपण कोड लिहितो तेव्हा प्रत्येक ओळ कुणाची हे गिट सांगतं, आणि श्रेय हुकलं की आपल्याला किती झोंबतं ते अप्रेझलच्या महिन्यात कुठल्याही ऑफिसात दिसतं. म्हणून अट एवढीच: पुडी बसवणाऱ्याला पूर्ण मजुरी द्या, घासाघीस नको. त्याचं नाव विचारा, त्याची हरकत नसेल तर ते खोडावर, देणगीदाराच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पुढच्या सप्ताहात ते पत्रिकेत छापून आणा.

गावात थोडी कुरकुर होईल. होऊ दे.