शंभरातले किती उगवले?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या भाच्याचं.

मे महिन्यात तो पुण्याहून चार दिवस परभणीला आला होता. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. आत टीव्हीवर आयपीएल चालू, आणि ओसरीत माझी सोयाबीनची उगवण चाचणी चालू. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. घरचं राखलेलं बियाणं पेरायच्या आधी त्यातले १०० दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याने उलगडून मोजायचं. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं.

मी गुंडाळीवर पाणी शिंपडत होतो तेवढ्यात भाचा आतून ओरडला, "मामा, तुम्ही काहीही म्हणा, खेळाडू हुडकावे तर मुंबई इंडियन्सनेच! बुमराह काय, हार्दिक काय. मातीमोल भावात घेतले!"

मी म्हटलं, "आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

झालं, वादाला तोंड फुटलं. (वाद घालण्यात पोरगं आईवर गेलंय. ताई, वाचत असशील तर राग मानू नकोस.)

भाच्याचं म्हणणं खोटं नाही. २०१३ मध्ये मुंबईचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी गुजरातच्या एका पोराची जगावेगळी गोलंदाजी पाहिली आणि त्याला संघात आणलं. तो जसप्रीत बुमराह. २०१५ च्या लिलावात हार्दिक पंड्याला १० लाखांत घेतलं. ती तेव्हा नवख्या खेळाडूची मूळ किंमत होती, म्हणजे बोली पुढे वाढलीच नाही. २०२५ मध्ये अश्वनी कुमारने पहिल्याच सामन्यात कोलकात्याचे चार गडी बाद केले. तोही मूळ किमतीतला, ३० लाखांचा. एकदा लागलं तर नशीब म्हणू. पण बारा वर्षांत पुन्हा पुन्हा लागतंय, म्हणजे कुणीतरी वर्षभर मैदानं पालथी घालतंय. हे मान्य.

माझं म्हणणं एवढंच, की उगवलेले दाणे तेवढे हातात घेऊन बियाण्याची परीक्षा होत नाही. आम्ही मोबाइलवर जुन्या लिलावांच्या याद्या काढल्या. संघात जास्तीत जास्त २५ जण. वरची दहा-बारा नावं सगळ्यांना पाठ. खालची, मूळ किमतीत घेतलेली नावं वाचायला लागलो, तर निम्म्याहून जास्त पोरं आम्हा दोघांनाही आठवेनात. तीसुद्धा त्याच माणसांनी, त्याच नजरेने निवडली होती ना? मग हिशोबात तीही धरायला हवीत. आणि दुसऱ्या संघांना त्याच भावात काय मिळालं, हेही बघायला हवं.

भाचा हार मानणारा नाही. तो पहाटे उठून अमेरिकेतलं बास्केटबॉल बघतो. तिथे लिलाव नसतो, नवे खेळाडू पाळीपाळीने वाटून घेतात. दोन फेऱ्या, साधारण ६० नावं. तो म्हणाला, "२०१४ मध्ये डेन्व्हरने निकोला योकिचला ४१ व्या क्रमांकावर उचलला. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, २०२३ मध्ये विजेतेपद आणलं. याला पारख नाही म्हणायचं?"

म्हणायचं की. पण त्याच रात्री त्याच डेन्व्हरने योकिचच्या आधी १६ व्या आणि १९ व्या क्रमांकाचे दोन खेळाडू पदरात घेतले होते. हा पुढे एवढा मोठा होणार हे त्यांच्या व्यवस्थापकाला, टिम कॉनेलींना, ठाऊक असतं तर त्यांनी त्याला ४१ पर्यंत राहू दिलं असतं का? त्यांना एवढंच दिसलं होतं की या दाण्यात काहीतरी आहे. तेही थोडं नाही. पण ते भविष्य नव्हे. पुढच्याच वर्षी डॅलसने ५२ व्या क्रमांकावर आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगला निवडलं. निवडला गेलेला तो पहिला भारतीय. आपल्याकडे पेपरात केवढ्या बातम्या आल्या होत्या! मुख्य लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

आता दुसरा मुद्दा, मोजायचं कधी? आपला ऋतुराज गायकवाड घ्या. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नईने त्याला २० लाखांत घेतलं. २०१९ चा अख्खा हंगाम तो बाकावर. २०२० मध्ये पहिल्या तीन डावांत ०, ५ आणि ०. तेव्हा कुणी गुंडाळी उलगडली असती तर दाणा फेकूनच दिला असता. चेन्नईने दिला नाही. पुढच्या तीन डावांत त्याने ओळीने तीन अर्धशतकं काढली, आणि २०२१ मध्ये ६३५ धावा करून स्पर्धेत पहिला आला. बुमराहचंही तसंच. पहिल्या तीन हंगामांत त्याच्याही नावावर फारसं काही नव्हतं. मग श्रेय निवडणाऱ्याचं की धीर धरणाऱ्याचं? माझ्या मते अर्ध्याहून जास्त धीराचं. जिरायतीत बी कितीही चांगलं असो, वर पाऊस लागतोच.

इथवर भाचा गप्प झाला होता. मीच उगाच बोलून गेलो, "आमच्या कबड्डीचंही असंच होतं."

कबड्डी म्हणजे, मी शाळेत होतो तेव्हा बरीच वर्षं संघ निवडायचं काम माझ्याकडे होतं. बारा जणांचा संघ, मैदानात सात. पहिल्या आठ-नऊ जणांबद्दल कुणाचं दुमत नसायचं, ती नावं पोरंच सांगायची. मास्तरचं डोकं लागायचं अकराव्या-बाराव्याला. एका वर्षी बारावा म्हणून घेतलेला एक काटकुळा पोरगा पुढे राज्यापर्यंत खेळला. अजूनही लग्नकार्यात कुणी भेटलं की म्हणतं, "सर, तुमची नजर!" आणि मीही हसून मान डोलावतो.

त्या रात्री कपाटातली जुनी वही काढली. दरवर्षीचे शेवटचे दोघे, अशी बावीस नावं निघाली. राज्यापर्यंत गेलेला एक. नियमित खेळले असे चार-पाच. आणि नऊ नावांपुढे काहीच नाही. त्यांना मी तालुक्याच्या सामन्यांना नेलं, बाकावर बसवलं आणि परत आणलं. त्यातल्या एकाचे वडील शेतातलं काम टाकून, पाथरीहून एसटीने सामना बघायला आले होते. पोरगा शेवटपर्यंत उठला नाही. जाताना ते मला म्हणाले, "सर, घेतलं हेच लई झालं." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता ते वाक्य बरं वाटत नाही.

शेजारच्या अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख आठवतो का? लहानपणी 'काय पो छे' सिनेमात दिसलेला. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला २० लाखांत घेतलं, तेव्हा अख्ख्या मराठवाड्याला आनंद झाला होता. २०२० मध्ये मुंबई विजेती ठरली, त्याला मात्र एकही सामना मिळाला नाही. यात कुणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. अकराच खेळणार. पण संघाच्या वहीत तो उगवणीच्या टक्क्यातला एक आकडा. पोराच्या घरी मात्र दाणा एकच असतो.

म्हणून माझा निकाल असा. मुंबईची पारख चांगली, पण ती एकट्या बुमराहमुळे नव्हे. इतक्या वर्षांत, इतक्या स्वस्त दाण्यांतून, इतरांपेक्षा त्यांचे जास्त उगवले असतील तर चांगली. आणि कुठल्याही निवडणाऱ्याला जोखताना तिसरा एक रकाना हवा: जे उगवले नाहीत त्यांना पाणी तरी मिळालं होतं का? माझ्या वहीत तो रकाना नऊ जणांपुढे कोरा आहे. आता मी निवृत्त, निवड माझ्या हातात नाही. जे करतात त्यांना एवढंच सांगेन, बाराव्याला घेणार असाल तर जिंकत आलेल्या एखाद्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं त्याला उतरवा. तुमचं काही जात नाही.

चौथ्या दिवशी भाचा गेला. गुंडाळी नंतर मी एकट्यानेच उलगडली. ६४. फोन करून त्याला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे नापास?"

म्हटलं, "नाही रे, एकरी थोडं वाढवून पेरायचं."

असो. पाऊस वेळेवर येवो.