पोळी टाकली, पुढे काय?

पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही पाळली जाते. इकडच्या हिंदी भाषिक शेजाऱ्यांकडेही ती आहे, आणि आपल्या आजी-आजोबांच्या वैश्वदेवातही कुत्र्या-कावळ्यांचा घास वेगळा काढला जात असे. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव आपल्या मुलांना बालवर्गापासून ठाऊक असतात. तेव्हा भूतदया आपल्याला नव्याने शिकवावी लागेल असे नाही. या अंकात आम्हाला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. पोळी टाकल्यानंतर त्या कुत्र्याचे पुढे काय होते, हे आपण पाहतो का?

तुलसी नगर ही जुन्या सरकारी क्वार्टरांची आणि जुन्या झाडांची वसाहत आहे. २०१६ साली स्मार्ट सिटीची योजना इथे येऊ घातली, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला आणि ती योजना टी.टी. नगरकडे गेली. २०२४ च्या जून महिन्यात मंत्री-आमदारांच्या नव्या बंगल्यांसाठी तुलसी नगर आणि शिवाजी नगरातील हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हाही लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. झाडांसाठी आपण एक होतो. त्याच झाडांच्या सावलीत झोपणाऱ्या कुत्र्यांचा विषय निघाला की मात्र प्रत्येक गल्लीत दोन तट पडतात. एक तट दूध-पोळी घालणाऱ्यांचा, दुसरा नगर निगमची गाडी बोलावणाऱ्यांचा. दोन्ही तटांत भली माणसे आहेत. पण पहिल्याला वाटते की खायला घातले म्हणजे कर्तव्य संपले, आणि दुसऱ्याला वाटते की गाडी येऊन गेली म्हणजे प्रश्न संपला. आमच्या मते दोघेही अर्ध्यावर थांबतात.

भीती खोटी आहे असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच भोपाळच्या अयोध्या नगर भागात मजुरी करणाऱ्या कुटुंबातले सात महिन्यांचे बाळ मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात मरण पावले. ज्या पालकांना सकाळी अंधारात मुलाला बसपर्यंत सोडावे लागते, ज्या आजोबांना काठी टेकत फिरायला जावे लागते, त्यांच्या भीतीला 'प्राणिद्वेष' म्हणणे हा अन्याय आहे. प्राणिप्रेमाची सुरुवात या भीतीचा मान राखण्यापासून व्हायला हवी.

हा विषय आता शाळांच्याही दारात आला आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवावीत, त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, पुन्हा त्याच जागी सोडू नये आणि आवारांना कुंपण घालावे, असा आदेश दिला. त्याआधी २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी वाट सांगितली होती. नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रा त्याच भागात परत सोडावा, मात्र रेबीज झालेला किंवा आक्रमक कुत्रा सोडू नये. आणि खाणे ठरवून दिलेल्या जागीच घालावे. दोन्ही आदेश एकत्र वाचले तर अर्थ स्पष्ट होतो. मुलांच्या आवारात कुत्री नकोत, आणि गल्लीत जी आहेत ती लस टोचलेली व नसबंदी झालेली असावीत. शाळेच्या आवाराचे म्हणाल, तर तिथे कुत्री मुख्यतः डब्यातल्या उरल्या-सुरल्या अन्नासाठी येतात. उष्टे अन्न जिथे उघड्यावर पडते, तिथे नुसते कुंपण पुरे पडत नाही.

कुत्री मारून किंवा हाकलून प्रश्न सुटत असता, तर मुंबईचा कधीच सुटला असता. १८३२ साली इंग्रजांनी मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. पुढेही तिथे पालिकेकडून कुत्री मारली जात होती. कुत्री काही संपली नाहीत. अखेर १९९४ च्या सुमारास मुंबईने मारणे थांबवून नसबंदीचा मार्ग धरला, आणि २००१ साली केंद्र सरकारच्या नियमांनी हीच दिशा साऱ्या देशाला दिली. त्यांची जागा आता २०२३ च्या नियमांनी घेतली आहे. कारण साधे आहे. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि एका वेळी चार-सहा पिल्ले सहज होतात. कचरा तसाच राहिला, तर रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारच्या मोहल्ल्यातली कुत्री येतात, आणि तीही बहुधा लस न टोचलेली.

उलट बाजूचे उदाहरण गोव्याचे आहे. तिथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून २०१३ नंतर गावोगाव फिरून कुत्र्यांना रेबीजची लस टोचली. निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे सूत्र त्यांनी धरले. जोडीला शाळाशाळांत जाऊन मुलांना कुत्र्यांशी कसे वागावे आणि चावल्यास काय करावे हे शिकवले. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. यातला शाळांचा वाटा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ते काम आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

आता थोडे पाळीव कुत्र्यांविषयी. पु. ल. देशपांडे यांचे 'पाळीव प्राणी' ऐकून आपण पोट धरून हसतो. पण ज्याच्या दाराशी रोज सकाळी दुसऱ्याचा कुत्रा घाण करून जातो, त्या शेजाऱ्याला हसू येत नाही. कुत्रा पाळणे म्हणजे दहा-बारा वर्षांचे पालकत्व घेणे आहे. दरवर्षी लस, पट्टा आणि साखळी, नगर निगमकडे नोंदणी, रोजचे फिरवणे, आणि फिरवताना हातात एक कागद किंवा पिशवी. वाढदिवसाला मुलाने हट्ट धरला म्हणून पिल्लू आणायचे आणि परीक्षा आल्या की गच्चीवर बांधून ठेवायचे, हे पाळणे नव्हे. बर्फाळ प्रदेशातल्या दाट केसांच्या जातीचे कुत्रे हौसेने आणून मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर गेलेल्या भोपाळच्या उन्हात ठेवणे, हे तर क्रौर्यच आहे.

त्याहून दुःखाची गोष्ट बदलीच्या वेळची. सरकारी वसाहतीत बदल्या, निवृत्ती, क्वार्टर सोडणे हे चालायचेच. ट्रकमध्ये कूलर चढतो, तुळशीची कुंडी चढते, आणि कुत्रा मात्र मागे राहतो. 'इथे सगळे त्याला ओळखतात, कोणीतरी घालेल खायला' असे म्हणत कुटुंब निघून जाते. घरात वाढलेल्या त्या प्राण्याला रस्त्यावर जगता येत नाही. त्याला गल्लीतली कुत्री फाडतात, किंवा भुकेने आणि घाबरून तोच कोणाला तरी चावतो. आज ज्याला आपण भटका म्हणून दगड मारतो, तो किंवा त्याची आई कधीकाळी कोणाच्या तरी घरातली असू शकते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. हे विधेयक राज्यसभेत प्रथम आणण्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची तळमळ होती. परंतु पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात दंड ठेवला तो १० ते ५० रुपये, म्हणजे आजच्या पोहे-जिलबीच्या एका प्लेटइतका. कायद्याच्या भीतीने हे थांबेल असे आम्हाला वाटत नाही. ते घरात, मुलांच्या देखत घेतलेल्या निर्णयाने थांबेल. आपल्याला सांभाळता न येणारा जीव आई-बाबांनी सोडून दिला, की त्याच्यासाठी आधी चांगले घर शोधले, हे मुले पाहत असतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नका. हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्थिर उभे राहा आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नका. दगड मारू नका, कारण आज मारलेल्या दगडाचा राग उद्या दुसऱ्या एखाद्या मुलावर निघतो. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची. कुत्रा, मग तो रस्त्यावरचा असो, घरातला असो की छोटे पिल्लू असो, चावला किंवा त्याचे नख लागले तर घरी लगेच सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

पालकांनीही त्या वेळी रागावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. आणि लगेच रुग्णालय गाठावे. आपल्या जवळ १२५० चे जयप्रकाश रुग्णालय आहेच. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट आता जुनी झाली. लस दंडात देतात, तिचे डोस थोडे असतात, पण ठरलेल्या तारखांना सर्व घ्यावे लागतात. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे औषधही भरतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही; त्याआधी घेतलेले उपचार मात्र माणसाला वाचवतात.

आमच्या मनात काही सूचना आहेत. त्या विश्वस्त मंडळाने आणि पालकांनी विचारात घ्याव्यात. पहिली, शाळेत उष्ट्या अन्नासाठी झाकणाचे डबे ठेवावेत आणि सुट्टी संपताच ते उचलले जावेत. दुसरी, दरवर्षी २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाच्या आसपास, पशुवैद्यांना बोलावून पाळीव कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणाचे शिबिर भरवावे, आणि त्याच दिवशी मुलांना वरच्या चार गोष्टी करून दाखवाव्यात. तिसरी, प्रत्येक गल्लीने आपल्या कुत्र्यांची एक वही ठेवावी. किती आहेत, नसबंदी झालेली किती, लस कोणाला राहिली आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच पाडलेली असते, त्यामुळे मोजणी मोठ्या मुलांनाही लांबूनच जमेल. ही वही घेऊन नगर निगमकडे गेले, तर 'कुत्री फार झाली' या तक्रारीपेक्षा तिचे वजन नक्कीच अधिक पडेल. चौथी, खायला घालण्याची एक जागा आणि एक वेळ ठरवावी. ती शाळेच्या वाटेवर, जिन्यात किंवा मुलांच्या खेळाच्या जागी नसावी. २०२३ चे नियमही हेच सांगतात. कुत्रा आजारी किंवा जखमी दिसला, तर मध्य प्रदेश सरकारच्या फिरत्या पशुचिकित्सा सेवेचा १९६२ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवलेला असावा.

आणि ज्यांना खरोखर कुत्रा हवा आहे, त्यांनी दुकानातून विकत आणण्याआधी गल्लीतल्या एखाद्या पिल्लाचा विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमधल्या त्याच आदेशात असे दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे. अट एकच, तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नये. दत्तक घेणाऱ्यासाठी ही अट पुरेशी आहे. आपण जे रोज एक पोळी टाकून घरात परततो, त्यांनीही ती थोडीफार स्वतःला लावून घ्यावी, एवढीच आमची विनंती. ज्याला आपण खायला घालतो, त्याची लस झाली आहे की नाही, हे निदान विचारून पाहू या.