संकर आणि संसृष्टि

दोन अलंकार एकाच श्लोकांत आले असतां त्यांचें नातें कसें ओळखावें, हें आमच्या अलंकारशास्त्रकारांनीं मोठ्या मार्मिक दृष्टांतांनीं सांगितलें आहे. तीळ आणि तांदूळ एका परातींत मिसळले तरी ते निवडतां येतात; तशी स्थिति असेल तर ती 'संसृष्टि'. दूध आणि पाणी एकत्र झालें कीं हा थेंब दुधाचा, हा पाण्याचा असें सांगण्याची सोय उरत नाहीं, तो 'संकर'. काव्याच्या प्रांतांत संकर हें भूषण आहे. तोच शब्द धर्मशास्त्राच्या ओसरीवर चढला कीं मात्र त्याचें तोंड काळें होतें. गीतेच्या पहिल्याच अध्यायांत अर्जुनास ज्याची धास्ती पडली तो हाच, आणि मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत कोणत्या पित्यापासून कोणत्या मातेस झालेल्या संततीस काय म्हणावें याची जी लांबलचक याद आहे ती याचीच.

असल्या यादी करण्याची हौस केवळ आपल्यासच होती असें नाहीं. स्पेनच्या अमलाखालील मेक्सिको देशांत अठराव्या शतकांत चित्रकार एकेका चौकटींत आई, बाप व मूल रंगवीत आणि त्या मुलाच्या जातीचें नांव चित्रावर लिहीत. स्पॅनिश पिता व तद्देशीय माता यांचा मुलगा तो मेस्तिसो, मेस्तिसो व स्पॅनिश यांची संतति ती कास्तिसो, याप्रमाणें पुढें. बहुधा सोळा चित्रांचा संच होई. चित्रें सुंदर आहेत असें म्हणतात. त्यांतील मुलांस आपली चौकट आवडली असती कीं नाहीं, हें विचारण्याचें कोणास कारण पडलें नाहीं.

एका मेस्तिसोनें मात्र उत्तर लिहून ठेविलें आहे. पेरू देशांतील कुस्को नगरींत 1539 सालीं तो जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजकुलांतली. बापानें पुढें स्पॅनिश स्त्रीशीं विवाह केला. विशीच्या उंबरठ्यावर मुलगा स्पेनला गेला, पित्याच्या चाकरीचा मोबदला त्यानें दरबारीं मागितला, आणि तो नाकारला गेला. तेव्हां त्यानें बापाचें नांव घेतलें व त्यास आजोळचें बिरुद जोडलें: इंका गार्सिलासो दे ला वेगा. लहानपणीं आजोळच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला इंकांचा इतिहास त्यानें बापाच्या भाषेंत लिहिला; तो ग्रंथ 1609 सालीं लिस्बन येथें छापून निघाला. त्यांत, लोक ज्या शब्दानें हिणवीत तो 'मेस्तिसो' शब्द त्यानें आपण होऊन अभिमानानें मिरविला आहे.

आपल्याकडे असा ग्रंथ लिहिण्यास समशेर बहाद्दरास सवड मिळाली नाहीं. 1729 सालीं बाजीरावांनीं छत्रसालाची बाजू राखली, मस्तानी पुण्यास आली, आणि 1734 सालीं हा मुलगा झाला. बापाच्या मनांत त्याची मुंज करावयाची होती व पुण्याच्या ब्रह्मवृंदानें ती होऊं दिली नाहीं, असें परंपरा सांगते. 1740 सालीं आई व बाप दोघेंही गेलीं, तेव्हां पोर अवघें सहा वर्षांचें होतें. तें पेशव्यांच्याच घरांत वाढलें, त्यांच्याच लष्करांत लढलें. 14 जानेवारी 1761 रोजीं पानिपतावर तो जखमी झाला आणि सूरजमल जाटाच्या मुलखांत, डीग येथें, मरण पावला. वय सत्तावीस. ज्या घरानें त्यास जानवें दिलें नाहीं त्याच घरासाठीं त्यानें प्राण दिला. रणांत गोत्र विचारण्याची चाल नाहीं, हें एक बरें. त्याचा मुलगा अलीबहाद्दर. त्याचा वंश बांद्याचे नबाब म्हणून राहिला, व 1857 सालीं त्या नबाबानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. मुसलमान नबाब कीं पेशव्यांचें रक्त, या प्रश्नावर आजही मंडळी हिरीरीनें वाद घालतात. आमच्या मतें वाद व्यर्थ आहे. विचारणारे तीळतांदूळ निवडीत बसतात. समोरचा मनुष्य दूधपाणी असतो.

हें सारें आज लिहिण्यास कारण घडलें आहे. येथें हिंगणीस आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव टेक्सास प्रांतीं असतात. सूनबाईंचे आईबाप मूळ मेक्सिकोचे. त्यांच्या मुलाला आठवें लागलें असून आजोबांच्या मनांत त्याची मुंज गांवच्या वाड्यांत व्हावी असें आहे. अशा लोकांस अमेरिकेंत लातिनो म्हणतात. 2020 च्या खानेसुमारींत ते 6 कोटी 21 लाख भरले. वंशाच्या रकान्यांत काय लिहावें हें न उमजून त्यांतील पुष्कळांनीं 'इतर' येथें खूण केली. 2024 सालीं तेथील सरकारनें दोन प्रश्नांचा एक केला व एकाहून अधिक खुणा करण्याची मोकळीक त्यांतही राखली. सरकारास जें साधलें तें वाड्यास साधत नाहीं.

आक्षेप दोन आले. पहिला असा कीं मुलाचा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि अमेरिकेंत जाऊन तो संध्या थोडीच करणार? आक्षेप प्रामाणिक आहे. पण आमच्याच आळींतील किती बटूंचीं जानवीं आज खुंटीवर आहेत, तें आम्ही मोजूं लागलों तर मुंजींचा हंगाम बंद करावा लागेल. दुसरा आक्षेप याहून नाजूक. मुंज करा, परंतु मातृभोजनास आईऐवजीं काकूंनीं बसावें, अशी तोड आत्याबाईंनीं सुचविली. आम्हीं स्नेह्यांस स्पष्ट सांगितलें, "अण्णा, त्या दिवशीं आई आणि मूल एका ताटांत शेवटचें जेवतात. ताटावरून आईलाच उठवलें तर राहिलें काय? भात आणि वरण." अण्णा कांहीं बोलले नाहींत.

सूनबाईंच्या मनांतील भीति निराळीच होती. मुंज झाली म्हणजे मुलगा आपल्या माहेरचा राहत नाहीं काय, असें त्यांनीं नवऱ्यामार्फत पुसलें. आम्हीं कळविलें कीं भिक्षावळींत आजोळची भिक्षा असते, आणि मामास मुंजींत मान असतो. तेव्हां मामांनीं अवश्य यावें. मुलगा गेल्या वर्षीं येथें महिनाभर होता. एकीस आजी म्हणतो, दुसरीस अबुएला. यांत त्याचा कधीं घोटाळा झालेला आम्हीं पाहिला नाहीं. अर्धी इकडची, अर्धी तिकडची अशी वाटणी त्यानें केलेली नाहीं. ती आपण करीत बसलों आहों.

मुहूर्त वैशाखांतला धरला आहे. भटजींनीं होकार दिला. आत्याबाई अद्याप रुसलेल्या असून त्यांची समजूत घालण्याचें काम अण्णांनीं आमच्याकडे सोंपविलें आहे.