प्रश्न बाबांचा, मग बाबांनाच विचारा

सीतादही होऊन कापसाची वेचणी लागली, पोडांवर दंडारीचे ढोल घुमू लागले, की केळापूर तालुक्यातली घरं माणसांनी भरतात. नागपूर, पुणे, हैदराबादकडे गेलेली लेकरं पांढरकवड्याला उतरतात. भाऊबीज आटोपली की ती परत निघतात आणि मागे दोन म्हातारी माणसं राहतात, कुठे एकच. या चार दिवसांत बऱ्याच घरी मागच्या खोलीत, हळू आवाजात विषय निघतो : आता बाबांचं कसं करायचं? हे बोलणं बाबांसमोर व्हावं आणि शेवटचा शब्द त्यांचा असावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. म्हणूनच यंदाच्या अंकाचा विषय आहे उतारवयातला निवारा.

वृद्धाश्रमाचं नाव काढलं की गाव म्हणतं, लेकरांनी टाकून दिलं. या धाकापायी कुटुंबं वेळेत कुठली जागा पाहतच नाहीत. मग एक दिवस माय न्हाणीत घसरते, खुब्याचं हाड मोडतं आणि दवाखान्यातल्या खाटेशेजारी घाईघाईत निर्णय होतो. तिला तेव्हा कोणीच विचारत नाही. हातपाय चालते असताना, मन शांत असताना तिच्यासोबत चार जागा पाहिल्या असत्या, तर निवड तिची झाली असती.

पर्याय आहेत. आपल्याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. राज्य शासनाने 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. पुण्यात 'अथश्री'सारखी खास ज्येष्ठांची संकुलं उभी राहिली. पण ज्याचा जन्म कापसाच्या शेतात गेला, त्याला पुण्याच्या फ्लॅटमध्ये करमेल का, हे पैशाच्या हिशोबाइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्या बोलीत बोलणारं कोणी शेजारी असेल का, ताटात ज्वारीची भाकर येईल का, सोयरे-धायरे भेटायला येऊ शकतील का, हेही विचारायला हवं. काहींचं उत्तर 'मी घरीच राहतो' असं येईल. मग घरी मदतनीस कोण, रात्री धावून कोण येणार, हे ठरवणं लेकरांचं काम.

जागा पाहताना रंगरंगोटीला भुलू नका. न्हाणीत धरायला दांडी आहे का, फरशी निसरडी आहे का, चाकाची खुर्ची दारातून जाते का, हे पाहा. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली केली, तिचा भर अशाच गोष्टींवर आहे. रात्री माणूस कोण असतो, डॉक्टर किती दूर आहे, अनामत परत मिळते का, हे लिहून घ्या. सर्वांत मोठा प्रश्न : माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेता की घरी पाठवता? चालत्याफिरत्या माणसालाच घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आधी आठ दिवस राहून पाहण्याची सोय असेल तर ती जरूर घ्यावी.

आणि माय-बापहो, सातबारा घाईत कोणाच्या नावे करू नका. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23 तुमच्यासाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. मात्र ती अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्या. लेकरं पाहत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. 14567 हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

लेकरांनो, जागा ठरली म्हणजे जबाबदारी संपली, असं होत नाही. भेटीचे दिवस ठरवा आणि ते पाळा. सणाला त्यांना घरी आणा, शेतीचा आणि घरचा सल्ला त्यांना विचारत राहा. यंदा परतीची गाडी पकडण्याआधी तासभर बाबांजवळ बसा, त्यांना काय हवं ते विचारा आणि त्यांचं बोलणं पूर्ण ऐका. हा अंक त्या बोलण्याला उपयोगी पडावा, म्हणून आम्ही मनापासून मेहनत घेतली आहे.

सर्व वाचकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक