कोंबडबाजार आणि पिंजरा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात कोंबडबाजार भरला की पोलीस छापा घालतात, कोंबडे जप्त होतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे (१९६०) अकरावे कलम झुंजी लावणे हा गुन्हा ठरवते. त्याच कलमानुसार, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्याला कोंडणे हाही गुन्हाच आहे. तरीही अंड्यांच्या कारखान्यात कोंबडी ए-फोर कागदाहून कमी जागेत, पंख न पसरता आयुष्य काढते. युरोपीय संघाने असे पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगाने २०१७ च्या २६९व्या अहवालात हा प्रश्न मांडला. पण पिंजऱ्यावर छापा पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आदिवासीची करमणूक तेवढी क्रूर, आणि उद्योजकाचा नफा मात्र निष्पाप, असा हा न्याय आहे.

म्हणून अंडेच नको, असे आम्ही म्हणणार नाही. अमृत आहार योजनेतले अंडे आदिवासी लेकराच्या ताटातून काढून घेणारी अहिंसा आम्हांस मान्य नाही. परंतु त्याच गावात आयाबायांच्या अंगणात कोंबड्या मोकळ्या चरत असतात. अंगणवाडीने अंडी शक्य तितकी तिथूनच घ्यावीत. देशी कोंबडी अंडी कमी देते, म्हणून ती महाग पडतात; ती तफावत शासनाने सोसावी. शहरात अंडी विकत घेणाऱ्या आम्हीही सोसावी.