महामार्गावरचा स्वस्त प्याला

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर जुना किल्ला, पायथ्याशी गाव आणि गावाला खेटून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग. हे गाव तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचे. लेकीच्या लग्नात द्यायचा हंडा, कळशी, पाणी प्यायचा तांब्या सोनगीरचा असावा, असा खानदेशात एके काळी रिवाजच होता. स्टील आले, मग प्लास्टिक आले आणि तांबट आळीतील हातोड्यांचा नाद मंदावत गेला. महामार्ग मात्र रुंद होत गेला. त्याच्यावर टोलनाका आला, वाहनांची रीघ वाढली. आणि महामार्ग वाढला की त्याच्या कडेने ढाबा, लॉज आणि परमिट रूम ही त्रयी वाढत जाते, हा साऱ्या महाराष्ट्राचा अनुभव आहे.

सोनगीरसारख्या गावात काही पब यायचा नाही, असे मानून कोणी निश्चिंत राहू नये. पब ही चीज गावात येते तेव्हा ती दिव्यांच्या झगमगाटात आणि इंग्रजी पाटीसह येईलच असे नाही. ती 'स्वस्त', 'सौम्य' आणि 'सहकुटुंब' या तीन विशेषणांचा हात धरून येते. ब्रिटनमध्ये १९७९ साली टिम मार्टिन या गृहस्थांनी लंडनमध्ये एक पब काढला आणि त्यातून वेदरस्पून ही स्वस्त पबांची साखळी उभी राहिली. आज तिच्या शाखा आठशेच्या घरात आहेत. बंद पडलेली चित्रपटगृहे, जुन्या बँकांच्या इमारती घ्यायच्या, सकाळपासून दारे उघडायची, न्याहारी आणि कॉफीही द्यायची, आणि मद्याचा दर शेजारच्या पबपेक्षा कमी ठेवायचा, असे हे गणित. एका प्याल्यावर नफा थोडा. पण प्याल्यांची संख्याच इतकी की थोड्याचे पुष्कळ होते. व्यापाराच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की त्या वाढीव संख्येतील नवे गिऱ्हाईक कोठून येते? जुना पिणारा दर उतरला म्हणून दुप्पट पितो, आणि न पिणारा दाराशी घोटाळत असतो तो आत येतो. स्वस्त पबाचे खरे भांडवल हा दुसरा माणूस आहे.

हे दूर इंग्लंडचे झाले. सातपुडा ओलांडला की काय दिसते? मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी १९ धार्मिक नगरे आणि ग्रामपंचायतींत मद्यविक्री बंद केली. हा निर्णय स्वागतार्हच होता. त्याआधी २०२३ मध्ये तेथील दुकानांना लागून असलेले 'अहाते', म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद करण्याचे धाडसही त्या राज्याने दाखवले होते. परंतु २०२५ च्या त्याच अबकारी धोरणात एक नवा प्रकार अवतरला, कमी मद्यांशाचे बार. दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर, वाइन आणि तयार पेये तेथे मिळणार. कडक मद्य नाही. एका हाताने अहाते बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने सौम्य बारचे दार उघडायचे! सोनगीरच्या फाट्यावरून ट्रक ज्या घाटाकडे जातात, त्या घाटापलीकडचे हे धोरण आहे. तिकडे जे रुजते ते महामार्गावरून इकडे यायला पासपोर्ट लागत नाही. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हे वाक्य आजच महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडी सर्रास असते. उद्या शासनानेच त्यावर शिक्का उमटवला, तर बापाने मुलाला काय सांगायचे?

महाराष्ट्राने मार्ग उलटा धरला असे वरवर पाहता दिसते. येथे मद्य स्वस्त झाले नाही, महागले. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटींपर्यंत नेले, देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये केले, आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीचे किमान दर ठरवून दिले: देशी ८० रुपये, धान्यापासून बनवलेल्या नव्या 'महाराष्ट्र निर्मित मद्या'चे १४८ रुपये, विदेशी २०५ रुपये. परमिट रूममध्ये बसून पिणाऱ्याच्या बिलावरचा मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्क्यांवर गेला, परवाना शुल्कही वाढले. हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनांनी १४ जुलै २०२५ रोजी बार बंद ठेवून निषेध नोंदवला. बाहेर बसून पिणे परवडेनासे झाले तर लोक गच्चीवर, समुद्रकिनारी आणि ढाब्यावर बसतील, हा त्यांचा एक युक्तिवाद होता. व्यवसायाच्या पोटतिडकीतून आलेला असला, तरी त्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

कारण दर वाढल्याने प्याला सुटत नाही, तो जागा बदलतो. परमिट रूममधून तो दुकानाच्या मागच्या बोळात जातो, शेताच्या बांधावर जातो, उभ्या मोटारीत जातो. ज्याच्या खिशात पैसा कमी तो हातभट्टीकडे वळतो. हातभट्टीचा हिशेब काय असतो तो मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक प्रेतांनी मांडून दाखवला आहे. आणि ज्याच्या खिशात पैसा आहे, घर प्रशस्त आहे, तो बाटली घरी आणतो. मध्यमवर्गीय कुटुंबांनी अंतर्मुख व्हावे असे ठिकाण हेच आहे. मागच्या पिढीत पिणारा माणूस बाहेर प्यायचा, लपून प्यायचा आणि तोंडाला वास येऊ नये म्हणून वेलदोडा चघळत घरी यायचा. त्या लपवण्यात ढोंग होते, हे खरे. पण त्या ढोंगातही घराच्या उंबरठ्याविषयी एक धाक होता. देवघर आणि बाटली एका छपराखाली नांदू शकत नाहीत, हे पिणाऱ्यालाही ठाऊक होते. आज शीतकपाटात दुधाच्या पिशवीशेजारी बिअरचा डबा उभा असतो आणि त्याला 'मोकळेपणा' असे नाव आहे. बारचे बिल वाचते म्हणून घरची बैठक भरते, आणि आठवीतला मुलगा ग्लास आणि बर्फ आणून देतो. या काटकसरीचा हिशेब कोणत्या अंदाजपत्रकात धरायचा?

बाहेरच्या बिलाचे टोकाचे रूप १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात दिसले. सतरा वर्षांच्या मुलाने एका ठिकाणी दीड तासात ४८ हजार रुपयांचे बिल केल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर त्या आलिशान मोटारीखाली मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक युवक आणि एक युवती, प्राणास मुकले. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वय लागते. कायदा होता, वयाची अट होती. तिचा दाखला विचारणारे कोणी नव्हते.

येथे एका गमतीची नोंद करायला हवी. ज्या कायद्याखाली हा सारा व्यापार चालतो, त्या कायद्याचे नाव दारूबंदी अधिनियम असे आहे. १९४९ सालचा हा कायदा. त्यानुसार महाराष्ट्रात दारूबंदी आहे आणि पिणारा प्रत्येक जण अपवाद आहे. त्याने परवाना घ्यायचा असतो. परमिट रूम हा शब्द तेथूनच आला. एका दिवसाच्या परवान्याचे शुल्क वर्षानुवर्षे विदेशीसाठी ५ आणि देशीसाठी २ रुपये. राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावेत असे सांगते. तेच राज्य दरवाढीतून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरते. ज्याला संयम शिकवायचा त्याच्याच व्यसनावर ज्याचा ताळेबंद उभा, त्याला गुरू म्हणावे की भागीदार?

हा प्रश्न विचारताना शासन कोणाचे, हे पाहण्याचे कारण नाही. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन शासनाने मोठ्या किराणा दालनांत वाइन ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता आणि ते योग्यच होते. तीच फूटपट्टी २०२५ च्या निर्णयालाही लावावी लागेल. आपल्या माणसांनी केले म्हणून व्यसनाचा महसूल पवित्र होत नाही.

आता एका साध्या घराचा हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरचा कर्ता रोज देशीची एक क्वार्टर घेत असेल, तर नव्या किमान दराने महिन्याला २,४०० रुपये झाले; म्हणजे पावणेआठ दिवसांची मजुरी. विदेशी घेतली तर दिवसाच्या मजुरीतील दोन तृतीयांश एका बाटलीत गेले. त्याच घरातील बाईच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा होतात. ८० रुपयांच्या दराने त्यांत अठरा बाटल्या येतात, एकोणिसावीला पैसे कमी पडतात. शासनाने एका खिडकीतून बहिणीला दिलेली ओवाळणी दुसऱ्या खिडकीतून तिच्या नवऱ्याकडून वसूल होते, आणि वर उरलेले ९०० रुपये त्या घराला पदरचे घालावे लागतात. महसूलवाढीची चर्चा करताना अर्थखात्यातील विद्वानांनी ही बेरीज-वजाबाकी एकदा करून पाहावी.

न्यायालयाने प्रयत्न केला नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. पुढे २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आले, नंतर शहरांना सवलत मिळाली. त्या काळात अंतर मोजण्याच्या फितीपेक्षा रस्त्यांची नावे बदलण्याचाच धूमधडाका अधिक झाला. खुद्द जळगाव शहरातून जाणारे रस्ते अवर्गीकृत करून महापालिकेकडे देण्याचा निर्णय केवढा वादग्रस्त ठरला, हे खानदेशवासी विसरलेले नाहीत. दुकान हलवण्यापेक्षा महामार्गच हलवणे सोपे, असा शोध आपल्या प्रशासनाने लावला!

खानदेशाने या प्रश्नावर निराळा मार्गही पाहिलेला आहे. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी वनवासी भिल बांधवांत भजन आणि आरतीच्या आधारे दारू सोडण्याची हाक दिली. हजारो माणसे आरतीला जमत आणि प्याला टाकून घरी जात. गुत्तेदार आणि सावकार यांचे हितसंबंध दुखावले. अल्पावधीतच महाराजांचे निधन झाले. पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. तेथे दर वाढवला नव्हता की परवाना रद्द केला नव्हता. माणसाला त्याची स्वतःची प्रतिष्ठा परत दिली होती. १९७२ नंतर शहादा परिसरात भिल स्त्रियांनी गावोगावच्या दारूच्या मडक्यांवर काठ्या चालवल्या. त्या चळवळीमागची विचारसरणी वेगळी होती, पण त्या माउलींच्या संतापाला कोणत्याही पक्षाचा रंग नव्हता. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळही हेच काम शतकानुशतके करीत आली आहे. माळ घातलेल्या माणसापुढे प्याला करण्याचे धाडस अजूनही गावात सहसा कोणी करीत नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत व्यसनमुक्तीचे काम उभे करायचे तर प्रारंभ येथून व्हावा; भाषणांची मालिका लावण्यापेक्षा दर आठवड्याला भरणारे एक भजनी मंडळ अधिक उपयोगी पडेल.

शासनाकडे मात्र मागायचे ते नेमके मागितले पाहिजे. २००८ च्या नियमांनी गावातील स्त्रियांना दुकान बंद करण्याचा अधिकार दिला आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी. परंतु आडवी बाटली जिंकायची तर प्रत्यक्ष झालेल्या मतदानातील बहुमत पुरत नाही, गावातील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते तिला पडावी लागतात. आमदार-खासदाराला जी अट नाही, ती या माउलींना आहे. मतदानाच्या दिवशी दुकानदाराला काहीच करावे लागत नाही, बायका घराबाहेर पडल्या नाहीत तरी त्याचे भागते. ही अट बदलून झालेल्या मतदानातील बहुमत ग्राह्य धरावे, अशी मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून पाठवावी. आजच्या नियमाप्रमाणे त्या दिवशी कापूस वेचायला शेतात गेलेल्या बाईचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते.